स्पीडब्रेकरवरची कळ

आजारपणासाठी आपण एकही रजा घेतली नाही, ही गोष्ट मास्तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असत. त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे एक खोली, एक टेबल, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता आणि दारात उभी असलेली पांढरी गाडी. गाडीला ब्रेक आणि क्लच दोन्ही बाजूंना होते. शिकणारा गडबडला की मास्तरांचा उजवा पाय आपसूक खाली जायचा आणि गाडी जागच्या जागी थांबायची. बावीस वर्षं हेच चाललं होतं. "अर्ध्या गावाचा जीव माझ्या ह्या पायावर आहे," असं म्हणून ते गुडघ्यावर थाप मारत. त्यात बढाई होती, पण अगदीच खोटंही नव्हतं.

तर अशा ह्या माणसाचं मंगळवारी दुपारी पोट दुखायला लागलं.

दुखणं तसं नाव घेण्यासारखं नव्हतं. बेंबीच्या आसपास नुसतं कसंतरी होत होतं. धड कळ नाही, धड मुरडा नाही. बोट ठेवून दाखव म्हटलं तर दाखवता आलं नसतं. संध्याकाळी एकदा उलटी झाली. रात्री बायकोनं पान वाढलं तर मास्तरांनी ते बाजूला सारलं.

बायको चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचं काम करत असे. दिवसभर बारीक ओरखडे शोधून शोधून तिची नजर घरातही तशीच फिरे. ती म्हणाली, "तुम्ही आणि जेवण नको म्हणताय? लग्नात सप्तपदी अर्धी टाकून पंगतीत बसायला निघालेला माणूस तुम्ही."

"दुपारी उशिरा खाल्लंय," मास्तर म्हणाले. दुपारीही त्यांनी काही खाल्लं नव्हतं.

सासूबाईंचा फोन आला तेव्हा बायकोनं लगेच कागाळी केली. सासूबाईंचा उपाय ठरलेला होता. डोकं दुखो, पाय मुरगळो, माणूस रुसो, त्यांच्याकडे उत्तर एकच, एरंडेल. मास्तरांनी बाटली विकत आणली खरी, पण घेतलं नाही. सकाळी ओळीनं चार जणांना शिकवायचं होतं, आणि रस्त्यावर गाडीत बसलेल्या माणसाला एरंडेल का परवडत नाही हे कुणाला समजावून सांगायची गरज नाही. काम संपलं की घेऊ म्हणून त्यांनी बाटली डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकली.

बुधवारी सकाळी बायको दारात आडवी आली. "डॉक्टरकडे चला."

"गॅस आहे. गॅससाठी कुणी डॉक्टरकडे जातं?"

"अंगावर काढायची हौस आहे तुम्हाला."

"बावीस वर्षांत कधी आडवा पडलोय का सांग."

"म्हणून तर भीती वाटते," ती म्हणाली आणि डबा त्यांच्या हातात देऊन कामावर गेली. तो डबा मास्तरांनी उघडलासुद्धा नाही.

आठची शिकवणी कशीबशी पार पडली, नऊची त्याहून कशीबशी. एक गोष्ट मात्र बदलली होती. आता दुखणं बेंबीपाशी नव्हतं, ते खाली उजवीकडे सरकलं होतं, आणि तिथं त्याला पक्की जागा सापडली होती. बसलं की बोचे. उठलं की ताण पडे. मास्तर जरासे पुढे वाकून बसत आणि पोटावर हात धरत, शर्ट सारखा करत असल्यासारखा.

दहाला सिस्टर आल्या.

सिस्टर म्हणजे सरकारी इस्पितळात शस्त्रक्रियेच्या वॉर्डात तेहतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या परिचारिका. वय बासष्ट. सगळी वस्ती त्यांना सिस्टरच म्हणायची. उभा जन्म ड्यूटीच्या बसची वाट पाहण्यात गेला, आता स्वतःच्या गाडीनं फिरणार, असा त्यांनी पण केला होता. पण सिस्टर आणि स्टिअरिंग यांचं काही जमत नव्हतं. परीक्षेत दोनदा नापास झाल्या होत्या. चाक असं घट्ट धरत की बोटं पांढरी पडत. समोरून सायकल आली तरी "सॉरी हं" म्हणत आणि तेही काच बंद ठेवून. सगळ्यात वाईट म्हणजे त्यांचा स्वतःच्या पायापेक्षा मास्तरांच्या पायावर जास्त विश्वास होता. जरा काही झालं की ओरडत, "मास्तर, दाबा हो!" आणि मास्तर दाबत. मास्तर बायकोला म्हणालेही होते, "बाई सोन्यासारखी आहे, पण गाडी म्हटलं की पाचावर धारण बसते. इस्पितळात इतकी वर्षं कसं निभावलं असेल देव जाणे."

त्या दिवशी गोदामांच्या मागच्या रस्त्यावर सराव होता. रस्ता लांब, सरळ, एका बाजूला पत्र्याची गोदामं आणि दुसऱ्या बाजूला मोकळे प्लॉट. माल उतरवणारे ट्रक सोडले तर रहदारी नाही. वेग आवरावा म्हणून थोड्याथोड्या अंतरावर स्पीडब्रेकर घातले होते.

पहिल्या स्पीडब्रेकरवर गाडी उडाली आणि मास्तरांच्या तोंडून "आई गं" निघालं. ते खोकल्यात लपवायला गेले, तर खोकल्यानं आणखीच जीव कळवळला.

दुसऱ्यावर त्यांनी दाराची कडी घट्ट धरली.

तिसरा स्पीडब्रेकर यायच्या आधीच सिस्टरांनी वेग कमी केला. इंडिकेटर दिला, आरशात पाहिलं आणि गाडी कडेला अशी लावली की चाक आणि पदपथ यांच्यात वीतभरच अंतर राहिलं. सात आठवडे मास्तर नेमकं हेच शिकवत होते. त्यांच्या लक्षात आलं नाही.

"थांबलात का?" ते म्हणाले.

"मघाशी तो ट्रक गोदामातून उलटा रस्त्यावर आला, तेव्हा तुम्ही ब्रेक दाबला नाहीत."

"तुम्हीच दाबलात की. चांगलं आहे."

"मी दाबला, कारण तुमचा पाय हललाच नाही." सिस्टरांनी इंजिन बंद केलं आणि त्यांच्याकडे वळून बसल्या. "कधीपासून दुखतंय?"

मास्तरांना तो आवाज ओळखीचा वाटला नाही. सायकलवाल्याची माफी मागणारी बाई हा आवाज कुठं ठेवून होती?

"गॅस आहे हो."

"मी काय आहे ते विचारलं नाही. कधीपासून, ते विचारलं."

"काल दुपारपासून."

"सुरुवात कुठं झाली?"

"इथं. बेंबीपाशी."

"आणि आता? एका बोटानं दाखवा. हात फिरवू नका, एकच बोट."

मास्तरांचं बोट न चुकता उजवीकडे खाली, कमरेचं हाड आणि बेंबी यांच्यामध्ये जाऊन टेकलं. काल त्यांना जागा सापडत नव्हती; आज डोळे मिटूनही चुकली नसती.

सिस्टरांनी आणखी चार प्रश्न विचारले. जेवण? नको वाटतं. उलटी? एक. आधी उलटी की आधी दुखणं? आधी दुखणं. ताप? माहीत नाही. त्यांनी कपाळाला हाताची मागची बाजू लावली, मग मनगट धरलं आणि घड्याळाकडे पाहत राहिल्या. त्या अर्ध्या मिनिटात त्यांच्या चेहऱ्यावरची एक रेषही हलली नाही.

"खाली उतरता येईल?"

मास्तर उतरले. सिस्टरांनी त्यांना पदपथावर उभं केलं. "टाचा उचला. आता एकदम खाली सोडा."

"हा काय खेळ आहे?"

"सोडा तर."

मास्तरांनी टाचा सोडल्या आणि उजव्या बाजूला कुणी सुरी खुपसल्यासारखं झालं. त्यांनी गाडीचा टप धरला. डोळ्यात पाणी आलं, आणि एका बाईसमोर आलं म्हणून वर रागही आला.

"अपेंडिक्स," सिस्टर म्हणाल्या. "सोनोग्राफी करतील, रक्त तपासतील, मग डॉक्टर पक्कं सांगतील. पण मला विचाराल तर अपेंडिक्सच. गचका बसला की कळ येते, ती त्याचीच. आम्ही वॉर्डात येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचो, रस्त्यात खड्डे लागले तेव्हा कसं वाटलं? चल रे बाबा, इस्पितळात जायचं."

शेवटचं वाक्य त्या बहुधा सवयीनं म्हणाल्या. एकोणपन्नास वर्षांच्या मास्तरांना ते ऐकून बरं वाटलं.

तरी ते म्हणाले, "अकराची शिकवणी आटोपतो आणि मग जातो. तोवर हे घेतो थोडंसं." आणि कप्प्यातली बाटली काढली.

सिस्टरांनी बाटलीवरचं नाव वाचलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "हे घेतलंत?"

"अजून नाही. सासूबाईंनी..."

"सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. अपेंडिक्स सुजलेलं असताना जुलाबाचं औषध पोटात गेलं तर ते फुटू शकतं. एरंडेल नाही, गरम पाण्याची पिशवी नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं हवं." बाटली त्यांनी स्वतःच्या पर्समध्ये टाकली आणि चेन लावली.

मग त्यांनी इस्पितळात फोन केला. जवळची रुग्णवाहिका अपघातावर गेली होती, यायला निदान चाळीस मिनिटं लागतील, असं उत्तर मिळालं. गोदामांच्या त्या भागात टॅक्सी फिरकत नसे. मास्तर म्हणाले, "मी चालवतो." चालकाच्या जागी बसून त्यांनी ब्रेकवर ठेवायला उजवा पाय उचलला. मांडी चार बोटं वर आली आणि तिथंच थांबली. घामानं त्यांचा शर्ट पाठीला चिकटला.

अर्ध्या गावाचा जीव ज्या पायावर, तो पाय त्यांना पेडलवर ठेवता आला नाही.

"सरका," सिस्टर म्हणाल्या.

"तुम्ही?"

"माझ्याकडे शिकाऊ परवाना आहे. शेजारी शिक्षक बसलाय. कायद्यात बसतं." त्यांनी मास्तरांना शेजारी बसवलं, आसन मागं झुकवलं आणि गुडघे वाकवून पाय वर घ्यायला लावले. तसं केल्यावर ताण थोडा सैल झाला. "आता तुमचा ब्रेक नाही असं समजूनच मी चालवणार. तुम्ही बोलू नका."

"रस्ता..."

"तेहतीस वर्षं त्याच इस्पितळात जात होते, मास्तर. बसमध्ये खिडकीशी बसून. बाजाराच्या रस्त्याला अकरा स्पीडब्रेकर आहेत. पुलाच्या रस्त्याला दोन."

मास्तर दुखण्यातही सावध झाले. पुलाच्या रस्त्याला दोनच स्पीडब्रेकर होते हे खरं, पण पुलावर चढायला उभा चढ होता आणि त्या चढाच्या मध्यावर सिग्नल. त्या सिग्नलला सिस्टरांची गाडी आजवर प्रत्येक वेळी बंद पडली होती. एकदा सलग पाच वेळा. त्या दिवशी त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या होत्या, "मास्तर, ह्या चढावर मला पुन्हा आणू नका." आणि आता अकरा गचके मास्तरांना बसू नयेत म्हणून त्या आपण होऊन त्याच चढाला निघाल्या होत्या. मास्तरांना हे कळलं, पण बोलायचं नाही असा हुकूम होता.

गाडी निघाली. पहिला स्पीडब्रेकर सिस्टरांनी इतका हळू पार केला की मागच्यानं भोंगा वाजवला. त्यांनी सॉरी म्हटलं नाही. खड्डा दिसला की लांबूनच वळसा, वळण आलं की आधीच वेग कमी. मास्तर गाडीच्या छताकडे बघत पडले होते. दिसत काही नव्हतं, पण गिअर कधी पडतो, क्लच कसा सुटतो, हे त्यांना कानांनीच कळत होतं. बावीस वर्षांत हजारभर लोकांना त्यांनी शिकवलं असेल. शेजारच्या माणसाचं पोट सांभाळून गाडी चालवणारं त्यांतलं कुणी आठवेना.

चढ लागला. आणि नेमका लाल दिवा लागला.

गाडी थांबली. मागे एक भरलेला ट्रक येऊन उभा राहिला, इतका जवळ की त्याच्या इंजिनाची घरघर आसनातून जाणवत होती. हिरवा झाला. सिस्टरांनी क्लच सोडला, गाडीनं एक आचका दिला आणि बंद पडली. त्या आचक्यानं मास्तरांच्या डोळ्यापुढे काजवे चमकले. ट्रकवाल्यानं भोंगा धरून ठेवला.

सिस्टरांचे ओठ घट्ट मिटले होते. कानाच्या पाळीवरून घामाचा एक थेंब ओघळला. मास्तरांनी हुकूम मोडला. अगदी हळू म्हणाले, "हँडब्रेक ओढा. घाई नाही. ट्रकवाल्याला अपेंडिक्स नाही."

सिस्टर हसल्या, निम्म्याच. हँडब्रेक ओढला, गाडी सुरू केली, क्लच सावकाश वर आणला. गाडीचं नाक किंचित उचललं गेलं, तशी मास्तर "आता" म्हणणार, त्याच्या आत त्यांनी हँडब्रेक सोडला. गाडी बोटभरही मागं न येता पूल चढून गेली.

"झकास," मास्तर म्हणाले.

"बोलू नका म्हटलं ना," सिस्टर म्हणाल्या.

इस्पितळात आपत्कालीन विभागात गर्दी होती. खाटांच्या मधले पडदे अर्धे ओढलेले, कुठं मूल रडतंय, कुठं कुणी डोक्याला फडकं धरून बसलंय. ड्यूटीवरचा डॉक्टर तीन जणांना एकदम उत्तरं देत होता. मास्तरांना वाटलं, आता सिस्टर ओळख दाखवून पुढे घुसतील. त्या घुसल्या नाहीत. डॉक्टरला समोरचा रुग्ण आटोपू दिला, मग पुढे होऊन, आवाज न चढवता सांगितलं, "पुरुष, एकोणपन्नास. बावीस तासांपासून पोटदुखी. बेंबीपाशी सुरू, आज सकाळपासून उजवीकडे खाली. भूक नाही, दुखणं सुरू झाल्यावर एक उलटी. अंग गरम. नाडी एकशे चार. खोकल्यानं आणि टाचा आपटल्यावर कळ. कालपासून खाल्लेलं नाही, दुखण्यावर कुठलीच गोळी घेतलेली नाही. शेवटचं पाणी सकाळी सातला."

डॉक्टरनं हातातलं पेन थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही कोण?"

"मी ह्यांची विद्यार्थिनी," सिस्टर म्हणाल्या.

पाच मिनिटांत मास्तर खाटेवर होते. रक्त घेतलं, हातात सुई टोचून सलाईन लावलं. बायकोला फोन गेला. मग सोनोग्राफी झाली. पोटावर थंडगार जेल लावून, यंत्र दाबून दाबून फिरवूनही नीट काही दिसेना. आतड्यांत हवा भरली आहे, अपेंडिक्स दिसत नाही, असा अहवाल आला.

आणि तेवढ्यात एक चमत्कार झाला. मास्तरांचं पोट दुखायचं थांबलं.

आधी त्यांना खरं वाटेना. मग त्यांनी एक लांब श्वास घेतला, आणखी एक घेतला. ती बोचणी गेली होती. जिवात जीव आला. दोन वाजत आले होते, दोनची आणि तीनची शिकवणी रांगेत होती. ते कोपरावर उठून बसले. "बघा, मी म्हणत होतो ना? गॅसच होता. सोनोग्राफीतही हवाच दिसली. सिस्टर, सलाईन काढायला सांगा. उगाच तुमचाही दिवस फुकट गेला."

डॉक्टरच्या चेहऱ्यावरही जरा विचार दिसला. "दुखणं खरंच गेलं? इंजेक्शन तर अजून दिलेलं नाही."

सिस्टर पुढे झाल्या आणि पुन्हा मनगट धरलं. या खेपेला त्या पूर्ण एक मिनिट मोजत राहिल्या. मग डॉक्टरकडे वळून म्हणाल्या, "एकशे वीस. बरं वाटतंय म्हणतात आणि नाडी वाढतेय. कृपा करून सर्जन मॅडमना बोलवा. आत्ता."

मास्तरांना काही समजेना. "अहो, पण दुखत नाही म्हणतोय ना मी!"

"त्याचीच मला भीती वाटतेय," त्या म्हणाल्या. आवाज हळू होता. "फुगा फुगत असतो तोवर ताण असतो, मास्तर. फुटला की ताण जातो. घटकाभर माणसाला वाटतं, सुटलो. वॉर्डात असे दोघं माझ्यासमोर घरी जायला निघाले होते. एकाला आम्ही दारातून परत आणलं." दुसऱ्याचं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मास्तरांनी विचारलं नाही. ते निमूट आडवे झाले.

सर्जनबाई आल्या त्या जवळजवळ धावतच. चाळिशीच्या, ठेंगण्या, केस टोपीत कोंबलेले. सिस्टरांना पाहून थबकल्या. "सिस्टर, तुम्ही!" पण लगेच खाटेकडे वळल्या. त्यांनी हात आधी एकमेकांवर चोळून गरम केले. मग पोटाच्या डाव्या बाजूला हलकेच दाबलं. मास्तर ओरडले.

"कुठं दुखलं?"

"उजवीकडे," मास्तर चकित होऊन म्हणाले. "दाबलंत डावीकडे आणि दुखलं उजवीकडे!"

"हं. आणि पोट फळीसारखं व्हायला लागलंय." त्यांनी रक्ताचा कागद वाचला. पांढऱ्या पेशी दुप्पट झाल्या होत्या. "सीटी स्कॅन करा, ताबडतोब. अँटिबायोटिक सुरू करा. दुखण्याचं इंजेक्शनही द्या, उगाच सोसायला लावू नका. थिएटरला कळवा."

स्कॅनमध्ये सगळं दिसलं. सुजून जाड झालेलं अपेंडिक्स, टोकाशी फुटलेलं, आणि भोवती साचू लागलेला पू. सर्जनबाईंनी कागदाच्या पाठीवर चित्र काढून मास्तरांना समजावलं. करंगळीएवढा अवयव, आतड्याला लोंबणारा. त्याचं तोंड बंद झालं की आत सूज येते, मग पू होतो. आत्ताच फुटलंय, घाण सगळ्या पोटात पसरायच्या आत काढून टाकू. तीन छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीतून करू. नाहीच जमलं तर मोठा छेद घ्यावा लागेल, हेही सांगून ठेवते.

बायको पोचली तेव्हा तिच्या हातात भिंग पुसायचं फडकं तसंच होतं. दाराशी थांबून तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "गॅस," ती म्हणाली. एवढंच. मग खाटेशी येऊन तिनं त्यांचं डोकं पोटाशी धरलं, आणि मास्तरांना कळलं की आपल्याला मघापासून भीती वाटतेय.

शस्त्रक्रियेला दीड तास लागला. संध्याकाळी सहाला सर्जनबाई बाहेर आल्या तेव्हा बाकावर बायको आणि सिस्टर शेजारी शेजारी बसल्या होत्या. "दुर्बिणीतूनच झालं. पोट स्वच्छ धुतलंय, एक नळी ठेवली आहे, दोन दिवसांत काढू. अगदी वेळेवर आले." हातमोज्यांची पांढरी पूड बोटांवर तशीच होती. बायकोला त्या म्हणाल्या, "मी इथं नवीन लागले तेव्हा ह्यांच्या वॉर्डात होते. एका म्हाताऱ्या बाईला मी पोटात वायू झाला म्हणून घरी पाठवत होते. सिस्टर मला चारचौघांत काही बोलल्या नाहीत. बाजूला घेऊन म्हणाल्या, डॉक्टर, ती कूस बदलत नाहीये, एकदा बघता का? मी बघितलं. तेव्हापासून तपासायच्या आधी मी दोन मिनिटं माणूस कसा पडलाय ते बघते. पुस्तकात सगळं होतं हो, पण बघायचं कसं ते ह्यांनी शिकवलं."

सिस्टर पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. "गाडी बाहेर वाकडी लावली आहे," त्या पुटपुटल्या. "नीट लावून येते."

मास्तर सहा दिवस इस्पितळात राहिले. पहिल्या दिवशी उठवून चालवलं तेव्हा त्यांनी आख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं विव्हळून घेतलं. सिस्टर रोज अकराला येत. पोटावर उशी घट्ट धरून खोकायचं कसं, कुशीवर वळून उठायचं कसं, हे त्यांनी शिकवलं. मास्तर चुकले की "पुन्हा" म्हणत, बरोबर केलं की नुसती मान हलवत. तिसऱ्या दिवशी मास्तर म्हणाले, "मी तुमच्यावर ओरडायचो, त्याची आज लाज वाटते."

"ओरडत होतात ते बरोबरच होतं. मी चालवतच तशी होते."

"आणि त्या दिवशी?"

सिस्टरांनी त्यांच्या पाठीमागची उशी नीट लावली. "त्या दिवशी मला कळत होतं की कशासाठी चालवतेय. एरवी मी गाडी चालवते तेव्हा डोक्यात नुसती गाडी असते." मग त्यांनी चादरीची सुरकुती सारखी केली. "पण भीती गेली असं समजू नका हं. परवा घरी गेल्यावर मी तासभर पाय गार पाण्यात बुडवून बसले होते."

पाचव्या दिवशी, दुपारची पाळी बदलत होती तेव्हाची गोष्ट. मास्तर खाटेवर टेकून बसले होते. जाणारी परिचारिका आणि येणारी परिचारिका, दोघी खाटेखाटेपाशी थांबत, हळू आवाजात बोलत आणि पुढे सरकत. मास्तरांनी आयुष्यात असं कधी पाहिलं नव्हतं. खरं तर पाहिलं असतं तरी त्यांच्या ध्यानात आलं नसतं. नवीन आलेली पंचविशीची असेल. समोरच्या खाटेवरच्या गृहस्थांचा कागद तिनं वाचला, ठीक आहे म्हणाली आणि दोन पावलं पुढे गेली. मग थांबली. मागं वळून त्या गृहस्थांकडे बघत राहिली. ते छताकडे बघत गप्प पडले होते. तक्रार काहीच नव्हती.

"काका, पाणी हवंय का?" तिनं विचारलं. "नको? बरं, जरा पाय दाखवा बघू." चादर बाजूला सारून तिनं एका पोटरीवर हात ठेवला, मग दुसऱ्या. पुन्हा पहिल्या. "ही जरा जास्त गरम आहे. कधीपासून?" आणि उत्तराची वाट न पाहता तिनं डॉक्टरला निरोप पाठवला, पायात रक्ताची गुठळी असू शकते, लगेच या.

बायको डबा उघडून चमचा शोधत होती. मास्तर तिला म्हणाले, "ते राहू दे. आधी ते बघ. ती पोरगी काय करतेय ते बघ."

बायकोनं पाहिलं. तिला काही विशेष दिसलं नाही. एक नर्स एका माणसाच्या पायाशी उभी होती, तिची बोटं त्याच्या घोट्यावर होती आणि डोळे घड्याळावर.

"काय करतेय?" तिनं विचारलं.

"सांगतो," मास्तर म्हणाले, आणि आवाज खाली आणून, जणू परीक्षेच्या खोलीत बसल्यासारखे, तिला एकेक गोष्ट समजावून सांगू लागले.